शिफारस मागायला एप्रिल उजाडला

मेडिकल स्कूलला अर्ज करायचा तर शिफारसपत्रं लागतात, आणि ती फेब्रुवारीत मागायची असतात. हे मला माहीत होतं. कॉलेजच्या अ‍ॅडव्हायझर बाईंनी आम्हा सगळ्यांना एका वर्गात बसवून फळ्यावर लिहून दिलं होतं. फेब्रुवारीत विचारा, मे महिन्यात अर्ज भरायला घ्या, जूनच्या सुरुवातीला पाठवा, प्राध्यापकांनी थेट पोर्टलवर टाकायची पत्रं जुलैच्या आत पोचली पाहिजेत. एक जरी पत्र राहिलं तरी फाइल अपुरी, आणि अपुरी फाइल सहसा कुणी वाचायला घेत नाही. फाइली जशा पुऱ्या होतील तशा मुलाखतीच्या जागा भरत जातात. म्हणजे ही रांग आहे, आणि रांगेतला आपला नंबर अर्धा प्राध्यापकाच्या हातात असतो.

मी एप्रिलमध्ये मागितलं.

आमच्या घरात शिफारस हा शब्द चांगल्या अर्थाने कुणी कधी उच्चारला नाही. बाबा तरुणपणी सातारा जिल्ह्यात आरोग्याच्या चळवळीत होते. आठवडी बाजारात उभं राहून पत्रकं वाटायचे. उठसूट सलाईन कशाला, जुलाबावर मीठ-साखर-पाणी कसं करावं, सरकारी दवाखान्यातल्या भरतीत कुणाकुणाचा वशिला चालला. आईच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबांनी बॅगेतून त्या पत्रकांचा एक गठ्ठा आणला होता. त्यांवरच मी मराठी वाचायला शिकले. इतर मुलांना बडबडगीतं पाठ असतात, मला गरज नसताना घेतलेल्या इंजेक्शनचे दुष्परिणाम पाठ होते. डॉक्टर व्हायचं तेव्हाच ठरलं. वशिला म्हणजे चोरी, हेही तेव्हाच ठरलं.

त्यामुळे 'माझ्याबद्दल चांगलं लिहा' असं कुणाला म्हणायचं, तर आमदाराची चिठ्ठी मागितल्यासारखं वाटायचं. ज्या दोन प्राध्यापकांशी माझी ओळख वर्गापुरतीच होती, त्यांना मार्चमध्ये ईमेल करून टाकला. ते जमलं. तिसरं पत्र सगळ्यात महत्त्वाचं होतं. ज्यांच्या लॅबमध्ये मी दोन वर्षं काम केलं होतं, त्या फिजिऑलॉजीच्या प्राध्यापकांचं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर होता, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे हात पसरायचं धाडस होईना. दर सोमवारी ठरवायचे आणि दर शुक्रवारी पुढच्या सोमवारवर ढकलायचे. मी याला तत्त्व म्हणत होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझी प्रॅक्टिकलची पार्टनर अंगात ताप घेऊन वर्गात आली. मास्क लावून, जॅकेट घालून, टेबलाला धरून उभी. मी म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, "माझं एक आधीच चुकलंय." याच प्राध्यापकांच्या प्रॅक्टिकलचा नियम होता: दोन चुकली की, कारण काहीही असो, एक ग्रेड खाली. त्या दिवशी आम्ही श्वासाचं मोजमाप शिकत होतो. वीस माणसं एका खोलीत जोरजोरात श्वास सोडत होती, आणि त्यांतली एक तापाने फणफणली होती. यांतले निम्मे उद्याचे डॉक्टर.

दोन दिवसांत मी पत्रक लिहिलं. एक कागद, दोन्ही बाजूंनी. तापात घरी राहणाऱ्याला शिक्षा आणि ताप वर्गात आणणाऱ्याला पूर्ण गुण, हे आरोग्याचं कसलं शिक्षण, असा सवाल वर ठळक अक्षरांत. पुढच्या वर्षीचे नियम ठरवायला विभागाची बैठक महिनाअखेरीस होती. पत्रक त्याआधी सगळ्यांच्या हातात पडायला हवं होतं.

लॅबमध्ये नागपूरची एक ताई पीएच.डी. करत होती. पिपेट धरायला मला तिनेच शिकवलं होतं. तिला कागद दाखवला. तिने उभ्या उभ्या वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुझं लेटर आलं का पोर्टलवर?"

"अजून मागितलंच नाही."

"यार, तू वेडी आहेस का? आधी लेटर घे. ते अपलोड झालं की मग काय वाटायचं ते वाट."

"म्हणजे त्यांना अंधारात ठेवून लिहून घ्यायचं?"

"अंधारात काय त्यात? तुझं काम चांगलं आहे, तेच ते लिहिणार. नाहीतर नाव तरी काढ खालचं. नाव छापायची हौस कशाला?"

आमच्या घरात निनावी पत्रकाला भिंतीवरची शिवी म्हणतात. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग बस तत्त्वं चाटत," आणि सेंट्रीफ्यूज लावायला निघून गेली.

रविवारी घरी गेले. वाटलं होतं, बाबा पाठ थोपटतील. त्यांनी कागद चष्मा वर करून दोनदा वाचला, एक शब्द बदलायला सांगितला आणि म्हणाले, "चांगलं झालंय. पण आधी पत्र येऊ दे."

मला खरंच धक्का बसला. "बाबा, तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणतोय. चार आठवड्यांनी वाटलंस म्हणून त्यातलं काही खोटं ठरत नाही."

"चार आठवड्यांनी बैठक होऊन गेलेली असेल. वर्षभर पोरं ताप घेऊन येतील."

"येतील. तू डॉक्टर झालीस तर त्याहून जास्त लोकांचा ताप बघशील."

आई कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आता का? गठ्ठा बॅगेत कुणी भरला होता? मी म्हणत होते, त्या जागी दोन स्वेटर मावतील."

आईने हात धुतले आणि मला म्हणाली, "हे बघ, लपवायचं नाही ना तुला? मग दोन्ही कागद एकाच वेळी घेऊन जा. आणि फेब्रुवारीत का नाही मागितलंस, ते आम्हाला नको, स्वतःला विचार."

मी विचारलं नाही. मंगळवारी प्राध्यापकांच्या खोलीत गेले आणि बसायच्या आतच बोलायला लागले. "मला दोन गोष्टी सांगायच्यात. एक विनंती आहे, एक माहिती. माहिती आधी देते, म्हणजे विनंतीचं काय ते तुम्हाला सगळं माहीत असताना ठरवता येईल." आणि पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं. कागद उलटला, मागची बाजू वाचली, परत पुढची वाचली. मग पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली. "इथे तू लिहिलंयस, 'विभागाचा नियम'. हा विभागाचा नियम नाही. माझा आहे. मी केला. लोक गैरहजर राहून दुसऱ्याचे आकडे उतरवून काढायचे, म्हणून केला. तुला हे ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं होतं. लिहिताना माझ्या हातून 'विभागाचा' कसं झालं ते मी तोवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्यांचं नाव टाळलं की शिफारसपत्रातला एखादा चांगला शब्द टिकेल, एवढाच तो हिशोब होता. खाली स्वतःचं नाव ठळक छापून वर त्यांचं गाळलं होतं.

"ठाऊक होतं," मी म्हटलं.

"मग नाव घाल. मी बैठकीत नियमाची बाजू घेणार आहे, हेही हवं तर घाल. आता विनंती सांग."

विनंती सांगितली. ते म्हणाले, "लिहीन. तुझं काम चांगलं आहे आणि ते मीच पाहिलंय. पण आत्ता नाही लिहिणार. आत्ता लिहिलं तर हा कागद माझ्या डोक्यात असेल. एकतर रागाने कमी लिहीन, नाहीतर राग नाही हे दाखवायला जास्त लिहीन. उन्हाळाभर मी परदेशात आहे. ऑगस्टमध्ये परत आलो की लिहितो."

मी "थँक यू" म्हणून बाहेर आले. जिन्यात बसून महिने मोजले. ऑगस्ट म्हणजे उशीर. पण तक्रार कशाची करणार? मी उघडपणे वागले होते, त्यांनीही उघडपणे सांगितलं होतं. अ‍ॅडव्हायझर बाई म्हणाल्या, दुसरं कुणी बघ. पण माझ्या दोन वर्षांच्या कामाचा साक्षीदार तो एकच माणूस होता. त्याचं पत्र नसेल तर वाचणारा पहिल्यांदा तेच विचारेल.

प्राध्यापकांचं नाव घालून पत्रक वाटलं. बैठकीत ते नियमाच्या बाजूने बोलले. तरी एवढं ठरलं की चुकलेलं एक प्रॅक्टिकल आठवड्याभरात भरून काढता येईल. माझ्या पार्टनरच्या त्या वर्षीच्या ग्रेडला त्याचा उपयोग झाला नाही. तापात वर्गात आली त्यानंतर पंधरवड्यातच तिचं दुसरं प्रॅक्टिकल चुकलं होतं. ताप न्यूमोनियावर गेला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी अर्ज पाठवला. पोर्टलवर दोन पत्रांपुढे हिरवी खूण होती, तिसऱ्यापुढे 'मिळालेलं नाही'. जुलैत एकेका मेडिकल शाळेने मागितलेले निबंध लिहिले. आई दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "आलं का?" ताई म्हणाली, नम्र रिमाइंडर टाक. मी एकच टाकला, उत्तर दोन शब्दांचं आलं: ऑगस्ट, नक्की. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी तिसरी खूण हिरवी झाली. काय लिहिलं ते मला कळणार नव्हतं. पत्र वाचायचा हक्क सोडल्याचं आपण आधीच सही करून देतो. न सोडणाऱ्याचं पत्र कुणी फारसं मानत नाही.

माझ्याबरोबरच्या मुली सप्टेंबरमध्ये मुलाखतींना जाऊ लागल्या. मला एकच बोलावणं आलं, तेही जानेवारीत. मुलाखतीत समोरच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "फाइल इतक्या उशिरा का पुरी झाली?" प्राध्यापक परदेशात होते, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी म्हटलं, "पत्र मी उशिरा मागितलं." त्यांनी कारण विचारलं नाही. आईचा प्रश्न मात्र तिथे त्या खुर्चीत मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. फेब्रुवारीत ना पत्रक होतं, ना ताप. मागितलं असतं तर ना काही लपवावं लागलं असतं, ना काही उघड करावं लागलं असतं. वशिला म्हणजे न केलेल्या कामाचा मोबदला. मी केलेलं काम पाहिलेल्या माणसाला ते सांगायला लावायचं होतं. हा फरक मला कळत नव्हता असं नाही. मागायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेला मी बाबांच्या पत्रकांत गुंडाळून ठेवलं होतं.

त्या शाळेने वेटलिस्टवर ठेवलं. जूनमध्ये कळवलं, यंदा नाही.

बाबा फोनवर म्हणाले, "मी सांगितलं होतं तेच बरोबर होतं." मी म्हटलं, नव्हतं. ते म्हणाले, "असेल. पण नुकसान तर झालं."

वर्षभर एका दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी टाइप करायचं काम धरलं. दुसऱ्यांदा अर्ज करायचा तर पत्रं नव्याने लागतात. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी पुन्हा त्या खोलीत गेले. प्राध्यापकांनी विचारलं, "गेल्या वेळच्या माझ्या उशिराने तुझं नुकसान झालं का?"

"झालं. निम्मं तुमच्या, निम्मं माझ्या."

"माझं निम्मं मान्य," ते म्हणाले. "पत्रात सांगतो तसं." आणि कधीपर्यंत हवं ते विचारलं. मी मार्चची अखेर म्हटलं.

मार्च संपायच्या दहा दिवस आधी खूण हिरवी झाली. फाइल जुलैत पुरी झाली. आत्तापर्यंत दोन शाळांनी मुलाखतीला बोलावलंय. पहिली पुढच्या गुरुवारी आहे.