तपासणीपुरते पेशंट

आज आमच्या नर्सिंग कॉलेजची मान्यतेसाठी तपासणी झाली. कॉलेजचं हॉस्पिटल वर्षभर ओस असतं. आज सगळ्या खाटा भरलेल्या! सकाळीच पुसेगावकडून जीपमध्ये कोंबून धडधाकट माणसं आणून झोपवली होती.

कोपऱ्यातल्या खाटेवर माझीच मावशी! सलाईनची नळी हाताला नुसती चिकटवलेली, सुई न्हाईच.

"मावशे, तू इथं काहून?"

"तुझं कॉलेज बंद पडंल म्हणले, म्हणून आले. गप ऱ्हा, सायेब येऊन राहिले."

साहेबांनी नळीकडं बघून मान डोलावली आणि जेवायला गेले. निर्लज्ज सगळे!

मी शेवटच्या वर्षाला आहे. खऱ्या पेशंटला अजून एकदाही सुई टोचलेली नाही. तरी मला नर्सचं लायसन्स बराबर मिळणार.

मग तुमच्या तापलेल्या लेकराचा हात माझ्या हातात द्याल का?