दुपारी बंद असलेली दारं

लिहायला बसलो आहे, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तोही अजून संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. वडील बीडकडून आलेले, चाकणच्या एका कंपनीत ऑपरेटर. आई घरी शिवणकाम करते. छापून यावं असं आमच्याकडे काही घडतं, असं मला कधी वाटलं नाही. तरी गेल्या वर्षी आम्ही राहतो त्या दिघीत एक गोष्ट घडली. ती कुणीतरी नीट सांगायला हवी, आणि सुरुवातीपासून ती माहीत असलेला माणूस मीच निघालो.

मी जिथून बारावी झालो, तिथल्या बाईंचा फोन आला. "मुलांचा प्रकल्प आहे. नमुना निवड आणि प्रयोगाची आखणी. शनिवारी येऊन शिकवशील का? तुझं अजून ताजं आहे." ताजं होतं हे खरं, नुकत्याच झालेल्या परीक्षेत त्याच विषयात मी काठावर पास झालो होतो. ते मी बाईंना सांगितलं नाही.

वर्गात बारा मुलं होती. मला सर म्हणणं त्यांना जमेना, दादाच म्हणायची. पहिल्याच तासाला मी आत्मविश्वासाने म्हणालो, "शितावरून भाताची परीक्षा. हाच नमुना."

मागच्या बाकावरून आवाज आला, "दादा, आमच्या आईचा भात खाली करपतो. वरचं शीत झकास लागतं."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं की माझा अख्खा धडा या पोराने एका वाक्यात सांगितला. मी म्हणालो, "मग आधी भात ढवळायचा." तेवढंच सुचलं.

प्रकल्पाला विषय हवा होता. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आमच्या भागात एका ट्रस्टची अभ्यासिका आहे, ती दुपारी बारा ते चार बंद असते. मुलीचं कॉलेज सकाळचं. वडिलांना थर्ड शिफ्ट असली की ते दिवसा झोपतात, आणि घर एका खोलीचं. मग दिवा लावायचा नाही, पान उलटायचं तेही हळू. "त्या आठवड्यात मी जिन्यात बसते," ती म्हणाली. "वर-खाली करणारे रोज विचारतात, किल्ली हरवली का. बारावीचं वर्ष आहे, दादा. दुपारी अभ्यासिका उघडी हवी की नको, हाच विषय घेऊ या ना."

घेतला. मुलं उत्साहाने अभ्यासिकेच्या दाराशी उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत सुटली. सगळ्यांनी 'हवी' म्हटलं. तो कागद घेऊन आम्ही ट्रस्टच्या अध्यक्षांकडे गेलो. ते इथले मूळचे गावकरी, एकेकाळी याच भागात त्यांची शेती होती. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आरं मास्तर, देवळाच्या दारात हुबं ऱ्हाऊन इचारलं, देवाला मानता का, तर न्हाई कोन म्हनंल? जे येतच न्हाईत, त्येंचं काय?"

माझे कान लाल झाले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आबांना आपल्या वर्गात घ्या."

मग आम्ही भात ढवळला. आजूबाजूच्या इमारतींतल्या सगळ्या घरांची यादी केली, चिठ्ठ्या केल्या, पिठाच्या डब्यात घालून हलवल्या आणि चाळीस घरं काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळीसच्या चाळीस फॉर्म भरून हजर! मला शंका आली.

"एकही घर बंद नव्हतं?"

"होती ना, दादा. मग शेजारच्या काकूंना विचारलं."

"काकू शेजाऱ्यांचं कसं सांगणार?"

"आमच्या काकू सगळ्यांचंच सांगतात."

पुन्हा हशा. पण मला हसून सोडता येईना. बंद घरं म्हणजे जिथे नवरा-बायको दोघंही कामावर. त्यांच्या जागी घरी असलेल्या काकू घातल्या, तर नमुना काकूंचाच झाला. मी म्हणालो, चिठ्ठीत निघालेलंच घर, तीनदा जायचं. आणि रविवारवर विसंबायचं नाही. इथल्या कित्येक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते.

गुरुवारी मीही सोबत गेलो. तेव्हा दिसलं, की काही दारं कुलूप लावलेली नव्हतीच. बाहेर चपला होत्या, खिडकीला चादर लावलेली होती. हळूच टकटक केली की एखादी बाई दार बोटभर उघडायची, ओठांवर बोट ठेवायची आणि परत लावून घ्यायची. आत थर्ड शिफ्टचा माणूस झोपलेला. मुलांनी यादीत अशा घरांपुढे 'उत्तर नाही' असं लिहिलं होतं. ती मुलगी म्हणाली, "दादा, हे उत्तर नाही कसं? हेच तर उत्तर आहे."

मी ती सगळी दारं पुन्हा करायला लावली, संध्याकाळी, माणूस उठल्यावर. शेवटी 'दुपारी हवी' म्हणणाऱ्या घरांची जी संख्या आली ती निम्म्याच्या थोडी खालीच राहिली. मुलीचा चेहरा उतरला. "निम्म्याहून जास्त लिहा ना, दादा. दोन-तीन घरांनी काय होतंय?"

खरं सांगतो, तसं लिहायचा मोह मलाही झाला. तिचं वर्ष माझ्या दोन-तीन आकड्यांवर अडलं होतं. पण दोनच आठवड्यांपूर्वी मी तिलाच शिकवलं होतं, की आपल्याला हवं ते उत्तर आणणं म्हणजे नमुना नव्हे. आलं तेच लिहिलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आबांनी कागद दोनदा वाचला. "निम्म्याच्या खाली हाय म्हंतोस? आन् तसंच लिहून आनलंस?" कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बरं. करून बघू. दिवाळीत आठ दिस दुपारचं उघडतो. नवं पंखे बी बसवून टाकतो."

आता मला बोलणं भाग होतं, आणि मोठ्या माणसापुढे नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही. मी चाचरत म्हणालो, "आबा, दिवाळीत नको. निम्मी वस्ती गावाकडं जाते. आणि आठ दिवस पुरत नाहीत. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, तिचा पूर्ण फेरा व्हायला तीन आठवडे हवेत."

"बरं. आन् पंखे?"

"पंखेही नंतर. नाहीतर मुलं वेळेमुळे आली की वाऱ्यामुळे, ते कळायचं नाही."

आबा हसून लोटपोट झाले. "आरं, लोकं पंखे द्या म्हनून जीव खात्यात, आन् ह्यो म्हंतो नगं!" बाहेर आल्यावर वर्गाने मला चांगलंच धारेवर धरलं. "दादा, पंखे तरी घ्यायचे होते, राव!"

दिवाळी संपली, गावी गेलेले परतले, आणि प्रयोग सुरू झाला. आबा स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याची वहीत रेघ ओढू लागले. पहिल्या आठवड्यात ती मुलगी आणि आणखी दोघं. आबा म्हणाले, "मास्तर, तिघंच की रं." मुलांना मी बजावलं होतं, मित्रांना गोळा करून आणायचं नाही. त्यांनी ते पाळलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. दुसऱ्या आठवड्यात दहा-बारा. तिसऱ्या सोमवारी शिफ्ट बदलली. आमच्या भागातून एका मोठ्या कंपनीची बस बरीच माणसं घेऊन जाते, ती सगळी एकदम थर्ड शिफ्टला गेली. आणि दुपारी साडेबाराला त्यांची मुलं दप्तरं घेऊन अभ्यासिकेच्या दारात. बुधवारी आबांनी शेजारच्या मंडळाच्या खुर्च्या मागवल्या.

तरी निर्णय ट्रस्टच्या बैठकीत व्हायचा होता. बैठक एकदा लग्नामुळे पुढे गेली, एकदा कुणाच्या तरी आजारपणामुळे. दार पुन्हा दुपारचं बंद झालं. बोर्डाची परीक्षा जवळ येत होती आणि मुलगी दर शनिवारी विचारायची, "काही कळलं?" मी म्हणायचो, "अजून नाही." तिने पुन्हा जिन्यात बसायला सुरुवात केली होती.

जानेवारीत एका दुपारी मी कॉलेजच्या प्रॅक्टिकलला होतो. फोन थरथरला. आबांचा होता. बाहेर येऊन उचलला.

"मास्तर, काल बैठक झाली. सोमवारपास्नं दुपारचं दार उघडं. आता कायमचं. त्या पोरीला तूच सांग."