रिकाम्या बाटलीची कॉफी

माझे बाबा एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं मोजून भरणं, यात त्यांची तीस वर्षं गेली. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘थेंब’, कारण कुणाच्या हातून एक थेंब सांडला तरी ते कामातून मान वर करून बघत. पुढे ते निवृत्त झाले, आई गेली, आणि प्रयोगशाळा आमच्या स्वयंपाकघरात आली.

चहाचं पाणी ते कपानंच मोजत, वर वाफेत उडून जाणाऱ्याचे म्हणून दोन चमचे. उकळी फुटायच्या आत गॅस बंद आणि पातेल्यावर झाकण. सकाळची चहा पावडर दुपारी पुन्हा उकळायची. दुधाची पिशवी कापून आतून विसळायची आणि ते पाणी चहात. आम्हाला काही कमी नव्हतं, हे मुद्दाम सांगते. त्यांची पेन्शन होती, माझा पगार होता. वाया गेलेलं त्यांना बघवत नसे, एवढंच. पण कॉफीपुढे हे सगळं काहीच नाही. बाटली संपली की तिच्यात गरम पाणी घालून, झाकण लावून ते ती हलवायचे, मग उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून तळाशी अजून काय उरलंय ते बघायचे. एका रिकाम्या बाटलीवर तीन दिवस निघत. तिसऱ्या दिवशीची कॉफी मला नुसतं गरम पाणीच वाटे, बाबा मात्र ती शेवटच्या घोटापर्यंत चवीनं पीत.

दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या हे माझं काम, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या लोकांच्या नकला करायच्या हा माझा उद्योग. एकदा नकला करण्यासारखं कुणी उरलं नाही, तेव्हा मी बाबांची काढली. हातात बाटली घेतली, डोळा मिटला, वर तिखटमीठ लावलं. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. तेव्हापासून ऑफिसात नवा माणूस आला की मला फर्माईश व्हायची. चार वर्षं मी ती नक्कल केली आणि एकदाही मनाला टोचलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते हसणं आवडायचं.

मग जिन्यावरून पडून माझा पाय मोडला. आठवड्याभरानं आमचे साहेब आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मला बघायला घरी आले. बाबांना कोण आनंद झाला. कॉफी टाकतो म्हणत ते आत गेले. मैत्रिणीनं मला डोळा मारला आणि “काकांना मदत करते” म्हणून त्यांच्या मागोमाग गेली. वापरातली बाटली त्याच सकाळी संपली होती, हे मला ठाऊक होतं. प्लास्टरमधला पाय उशीवर, कुबड्या पार दाराशी. साहेब रजेबद्दल काहीतरी विचारत होते आणि माझे कान आत लागले होते.

आतून बाटली हलवल्याचा आवाज आला. मग मैत्रीण खळखळून हसली.

“काका, तुम्ही अगदी हिच्यासारखंच करता.”

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. बाबांनी म्हणजे काय म्हणून विचारलं, तसं तिनं हौसेनं सगळं सांगितलं. मी ऑफिसात कशी उभी राहते, डोळा कसा मिटते, लोक कसे हसतात. बाबाही हसले. ते हसणं मी ओळखत होते. हेडमास्तर चारचौघांत काही लागट बोलले की ते असेच हसत.

कॉफी आली ती काठोकाठ, काळीकुट्ट. बाबांनी नवी बाटली फोडली होती. सढळ हातानं कॉफी कधी केलीच नव्हती, त्यामुळे त्यांना अंदाज आला नाही. कडू जहर झाली होती. साहेब दोन घोट घेऊन छान म्हणाले आणि कप बाजूला ठेवला. तिघांच्याही बश्यांत कॉफी सांडलेली होती. बाबांनी तिकडे पाहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

“मी खरंच एक डोळा मिटतो?”

“हो.”

“कुठला?”

“डावा.”

“मला माहीतच नव्हतं,” ते म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

मी माफी मागितली, त्या दिवशी आणि नंतरही कितीदा तरी. अगं, हसण्यासारखंच आहे ते, असं म्हणून ते विषय बदलतात. रागावले असते, चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. ऑफिसात आता कुणी आग्रह केला तर विसरले म्हणून सांगते. सांगतानाही मान खाली जाते.

पाय बरा होऊन दोन वर्षं झाली. कॉफी अजून बाबाच करतात, माझा कप भरून आणून देतात. फक्त करताना स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात. आतून बाटली हलवल्याचा आवाज येतो, अगदी हळू, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. दार ढकलून आत जायची माझी हिंमत होत नाही. त्यांच्याच घरात मी त्यांना लपायला लावलं.