घोडपदेव ते गिरगाव, व्हाया लालबागची मिरची

मे महिन्यात लोक मनालीला जातात. मी माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन घोडपदेवहून गिरगावला गेले. अंतर जेमतेम पाच किलोमीटर, पण तयारीला तीन आठवडे लागले.

गेल्या वर्षी भर बाजारात ताईला एकदम धडधडलं, हातपाय गार पडले. तेव्हापासून तिने चाळीचा जिना उतरणंच सोडलं. तपासण्यांत हृदय ठणठणीत निघालं. दुखणं मनाचं होतं, आधी भीती आणि मग उदासी. गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा उपयोगही होतोय. डॉक्टर म्हणाले, जोडीला अंग सैल सोडायला शिका, मन थोडं ऐकायला लागतं. गिरगावातल्या एका वाडीत दर शनिवारी सकाळी असा वर्ग भरतो. मी राहते अँटॉप हिलला, तेव्हा सकाळी बसने आधी ताईकडे.

ताई साडी नेसून तयार, पण पाय उंबऱ्याच्या आत.

"शुभा, माका नाय जमाचा गो."

"तुका काय करूचा नाय. नुसता आडवा पडाचा आसा," मी म्हटलं आणि तिची पर्सही माझ्याच खांद्याला लावली. वर्षभर तिच्या गोळ्या, भाजी, फोन सगळं मीच बघत होते, त्यात एका पर्सचं काय ओझं!

जाणार असाल तर टॅक्सीच करा. वाडीत गाडी लावायला जागा शोधण्यातच सगळा ताण परत येईल.

हॉलमध्ये दहा-बारा जण चटईवर आडवे झाले. शिकवणाऱ्या सरपोतदार मॅडमचा आवाज साय धरलेल्या दुधासारखा. "उजवी मूठ घट्ट आवळा. कशी वाटते बघा. आता सोडा." मग खांदे, कपाळ, जबडा. आपण किती आवळून जगतोय ते सोडल्यावरच कळतं. पंधरा मिनिटांत ताई चक्क घोरायला लागली. मॅडम माझ्यापाशी थांबल्या.

"तुमची मूठ काही सुटत नाही."

"पेशंट ती आहे, मी नुसती सोबत आलेय."

"असू दे. पण पर्स तरी सोडा. इथे कोण नेतंय?"

दोन्ही पर्सचे पट्टे मी मनगटाला गुंडाळून झोपले होते! मुंबईकराची सवय, दुसरं काय. सोडले, पण एक पट्टा पायाच्या अंगठ्यात धरून ठेवलाच.

नंतर साबुदाणा वडा आणि पियूष. ताईने अख्खी प्लेट संपवली आणि आपणहून म्हणाली, "लालबागला जाऊया? गेल्या वर्षी मसाला राहिला." मला तिथेच रडू आलं.

मिरची गल्लीत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. रुमाल न्याच. कांडपाच्या गिरणीसमोर ताईचा चेहरा उतरला, तिने माझा हात पकडला. तिचा हात गार होता.

"धडधडतंय गो."

आणि मी शहाणी! "ताई, खोल श्वास घे! नाकाने! असा!" म्हणत छाती भरून घेऊन दाखवला. मग एका दमात नऊ शिंका, डोळ्यांतून धारा.

"ओ मावशी, इथे मोठा श्वास नाय घ्यायचा!" मिरचीवाली ओरडली. "नवीन आहात काय?"

लालबागच्या हाकेवर वाढलेली मी, नवीन! ताईने पदर नाकाला लावला. मोकळ्या हाताची मूठ आवळली, सोडली. पुन्हा आवळली, सोडली. पाच-सहा वेळा झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि माझ्या लाल नाकाकडे बघून ती हसत सुटली. वर्षभरात पहिल्यांदा. मग बेडगी मिरची निवडताना तिने त्या मिरचीवालीला भावावरून असं काही पिडलं की मला तिचीच दया आली.

एका शनिवारी कुणी बरं होत नाही, ताईच्या गोळ्या चालूच आहेत. पण संध्याकाळी घोडपदेवला पोचलो तेव्हा जिना ती माझ्या पुढे चढत होती. दारात वळून म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी एकटी जाईन. तू नको येऊ."

आता धडधड सुरू झाली ती माझी. टॅक्सी मिळाली नाही तर? वाटेत काही झालं तर?

ताईने हात पुढे केला. "माझी पर्स दे."

माझी बोटं पट्ट्यावरून हलेनात. तिने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"आवळलीस ना? आता सोड."