धबधब्यापुढचे हातवारे

आत्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, ही बातमी दूधवाल्यानं आणली. म्हणे ती दरीत उतरते आणि धबधब्यासमोर उभी राहून पाण्याशी हातवारे करत भांडते.

भांडत वगैरे नव्हती. शेवटच्या चटईवरून आपला हात दिसेल का, एवढंच ती बघत होती.

तीस वर्षं आत्यानं कापडगिरणीत माग चालवले. निवृत्त झाल्यावर लॉन्ड्रीच्या माडीवर ती बायकांना योगासनं शिकवायला लागली. आता त्या बाराजणींना घेऊन धबधब्याकाठी तीन दिवसांचं शिबिर करायचं तिच्या मनानं घेतलं होतं. जन्मभर यंत्रांचा खडखडाट ऐकला, तेवढाच मोठा पण पाण्याचा आवाज एकदा पोटभर ऐकायचा होता. नदीकाठच्या चार खोल्या, बसची वेळ, कड्याच्या बाजूनं बांधायचा दोर, सगळं वहीत उतरलं. बारा चटया मावतील असा कातळ तिनं स्वतः टेपनं मोजला.

अडून बसली ती लॉन्ड्रीवाली. "ताई, तिथं पाण्याचा एवढा दणका. तुम्ही म्हणणार श्वास घ्या, आम्ही बसणार सोडत. रविवारी एकदा करून दाखवा. नाही जमलं तर आमची नावं खोडा."

बाकीच्या अकराजणी हिच्याकडे बघूनच मान हलवतात. म्हणजे शिबिराचा निकाल रविवारी.

"गिरणीत तरी कोण कुणाचं ऐकत होतं गं?" आत्या म्हणाली. मागांपुढे गिरणीतल्या बायका हातांनीच बोलत. तिनं लॉन्ड्रीतली सगळी मशीनं सुरू करायला लावली आणि आठवडाभर खुणा घोटून घेतल्या. तळहात वर, श्वास आत. मिशीला पीळ म्हणजे मुकादम आला, पाठ ताठ.

घरी मी बाबांना लॉन्ड्रीवालीची नक्कल करून दाखवत होते, तेवढ्यात आत्या आली. मी म्हटलं, "आत्या, शवासनात डोळे मिटल्यावर खुणा कुणाला दाखवशील? सगळ्यांना हाक न मारता उठवलंस, तर दिवसभर कुणाची नक्कल करणार नाही."

"दिवसभर? पोट फुगेल तुझं," आत्या म्हणाली. "लागली पैज."

रविवारी मीही सोबत गेले. कातळावर आत्यानं मिशी पिळली आणि बारा पाठी सटकन ताठ झाल्या. पण अजून शवासन बाकी होतं. सगळ्या आडव्या झाल्या तसं तिनं पिशवीतून सुताचं रीळ काढलं. एकेकीच्या करंगळीला वेढा देत धागा पहिलीपासून बारावीपर्यंत नेला. सगळ्यांनी डोळे मिटले. लॉन्ड्रीवालीचं तोंड उघडं पडलं, म्हणजे घोरत असणार, पण धबधब्यापुढे तिचं काय चालतंय.

थोड्या वेळानं आत्यानं टोक हलकेच ओढलं. एक उठली, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. सगळ्यांत शेवटी लॉन्ड्रीवाली उठली आणि करंगळीकडे बघत बसली. धागा कुठंही तुटला नव्हता.

परतीच्या बसमध्ये ती घसा फोडून सांगत होती, "ताई, बारा नावं पक्की. तेरावं माझ्या जावेचं लिहा, तिला उठवायला मात्र दोरखंड लागेल." एकेक वाक्य असं, की नक्कल करायला जीभ शिवशिवावी. मी तोंडात रुमाल कोंबून बसले होते.

शेजारी आत्या खिडकीतून बाहेर बघत, नसलेल्या मिशीला सावकाश पीळ देत होती.