हारुनभाईंची रोलरची ट्रायल

हारुनभाई बांधकाम खात्यात रोलर चालवायचे. धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याचं आमच्या काळातलं बरंचसं डांबर त्यांच्या चाकाखालून गेलं. मी, करम, रोलरपुढे लाल झेंडा घेऊन चालायचो. ऐकायला सोपं वाटतं. रोलर माणसापेक्षा हळू असतो. आपल्या चालीनं गेलं तर तो मागे राहतो, थांबलं तर अंगावर येतो. पाऊल आखडून चालावं लागतं आणि संध्याकाळी पोटऱ्यांचा दगड होतो. त्यापेक्षा फावडं मारणं बरं.

तेव्हा रोलर एका कामावरून दुसऱ्या कामावर स्वतःच जायचा. पारोळ्याहून निघालं की मुक्काम वाटेत, रस्त्याकडेच्या निंबाखाली. हारुनभाईंच्या घरून शहनाजभाभी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी बांधून द्यायच्या. हारुनभाई डबा इंजिनाच्या झाकणावर ठेवायचे. जेवायच्या वेळेला भाकरी तव्यावरून काढल्यासारखी. तिला डिझेलचा वास यायचा, पण आम्हाला तो आवडायचा.

त्यांचा नियम एकच होता. ताज्या डांबरावर रोलर उभा करायचा नाही. उभा केला की चाकाखाली खोलगा पडतो आणि तो त्या रस्त्याबरोबरच जातो. बिडीसुद्धा ते चालत्या रोलरवर पेटवायचे. एकदा मोठे साहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी हात केला. हारुनभाईंनी सलाम केला, पण रोलर थांबवला नाही. साहेब बाजूनं चालत चालत बोलले, आणि बोलणं संपलं तेव्हा जीप पार मागे राहिली होती.

आम्ही दोघंही जळगावातच निवृत्त झालो. नंतर शहनाजभाभी अंथरुणाला खिळल्या. त्यांचं न्हाणं, खाणं, औषध हारुनभाईंनीच केलं. भाकरी थापायलाही शिकले. भाभी गेल्या. मग एक दिवस त्यांनी पेटीतून लायसन काढलं तर त्याची मुदत कधीच संपली होती.

सेतू केंद्रात भाविका नावाची मुलगी बसते. तिनं संगणकात पाहिलं.

"चाचा, वर्ष उलटून गेलंय. शिकाऊ लायसन काढून परत ट्रायल द्यावी लागेल. असं करा, मोटारसायकलची देऊन टाका. रोलर काढून टाकते मी."

"का? दिल्लीनं रोलर बंद केला का?"

"बंद नाही. पण ट्रायलला ज्याची ट्रायल ती गाडी आणावी लागते. रोलर कुठून आणणार तुम्ही?"

"आहे का त्यात रोलर? दाखव."

तिनं पडदा आमच्याकडे वळवला. दिल्लीच्या रस्ते मंत्रालयाची वाहनांच्या प्रकारांची यादी होती. त्यात रोड रोलर होता. हारुनभाईंनी चष्मा पुसून ते नाव पुन्हा पुन्हा पाहिलं. ते धुळ्याचे. मनातलं बोलायचं असलं की खान्देशी येते.

"दिल्लीले याद शे," ते म्हणाले. "मंग मी कसा काढू?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हारुनभाई, या वयात रोलर कोण देणार तुम्हाला चालवायला?"

"चालवायला नको. ती आजारी व्हती तव्हय बठ्ठं सगळं सुटी गयं, करम. हाई एक तरी सुटाले नको." मग म्हणाले, "मोटारसायकल मी कधी घेतली? रोलर काढला तर त्या कार्डावर मी कुठे राहिलो?"

पाळधीला बन्सीलाल नावाचा ठेकेदार आहे. गावरस्त्यांची कामं घेतो. त्याच्याकडे जुना तीनचाकी रोलर आहे. तो म्हणाला, "ट्रेलरवर टाकून पाठवतो."

"रोलर काय आजारी आहे?" हारुनभाई म्हणाले.

उजाडताच पाळधीहून निघालो, मी पुढे झेंडा घेऊन. शिकाऊ लायसनवर एकट्यानं चालवता येत नाही, म्हणून बन्सीलालचा ड्रायव्हर मोईज शेजारी बसला. रोलरला पुढे-मागे लाल 'एल' लावला होता. मला हसू आवरेना.

"हास, हास. तुना झेंडा तरी जुना शे," हारुनभाई वरून म्हणाले.

नवा बायपास झाल्यापासून जड गाड्या तिकडून जातात. तरी बांभोरीच्या पुलावर मागे एक ट्रक अडकलाच. त्याचा हॉर्न थांबेना. "चाचा, आगे बढ़ो!"

"बढ़ ही रहा हूँ, बेटा!"

खाली गिरणेत पाण्याची बारीक धार होती. पाय आखडायला मला शिकावं लागलं नाही, पायांनाच आठवत होतं. गुडघे मात्र नवीन तक्रार करत होते.

जळगावच्या आरटीओच्या मैदानात हेमलता मॅडम ट्रायल घेत होत्या. रोलर आला म्हणून कचेरीतले लोक बाहेर आले. हारुनभाईंनी रोलर पुढे नेला आणि त्याच पट्ट्यावरून मागे आणला. रेघ हलली नाही.

"आता समोर जा," मॅडम म्हणाल्या. "मी हात केला की थांबायचं."

मैदानात त्याच सकाळी खड्डे बुजवले होते. डांबराचा वास अजून येत होता. रोलर त्या ठिगळावर चढला आणि मॅडमनी हात केला. हारुनभाईंनी मान हलवली. रोलर चालतच राहिला.

"थांबा! अहो आबा, थांबा म्हणते ना!"

मॅडम बाजूनं चालू लागल्या. मला जीपवाले साहेब आठवले. ठिगळ संपल्यावर रोलर थांबला.

"ऐकू येत नाही का?"

"येतं, मॅडम. खाली ताजं डांबर होतं."

मॅडमनी मागे वळून पाहिलं. "डांबर छान बसलं, आबा. पण हात केला की थांबायचं. पुढे माणूस असता तर?"

हारुनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं पुढे माणूस होताच.

"बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले.

नापास. आठवड्यानं परत या.

मोईज वैतागला. म्हणाला, ट्रेलर बोलावू. हारुनभाईंनी रोलर वळवला. पूल ओलांडल्यावर बाजूला उभा केला आणि झाकणावरचा डबा खाली घेतला. भाकरी त्यांनीच थापल्या होत्या. कडा जाड होत्या. पण गरम होत्या आणि डिझेलचा वास होता.

"मुद्दाम केलं का?" मी विचारलं.

"ताजा डांबरवर रोलर कोन उभा करस?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पुढच्या आठवड्यात तुना पाय चालतीन ना?"

चालले. ठिगळ तोवर टणक झालं होतं. मॅडमनी हात केला आणि रोलर जागच्या जागी थांबला.

कार्ड टपालानं आलं. हारुनभाईंनी रोलरचा शिक्का आहे का ते आधी पाहिलं. होता. मग कार्ड उलटसुलट करून पाहत बसले.

"आता काय झालं?"

"आता परत ट्रायल नाही."

"मुदतीआधी नवं केलं की नाही लागत."

कार्ड पेटीत ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि मुदत जाऊ दिली तर?"

पायांना विचारून सांगतो, म्हटलं.