आठवी घार

माझी शेवटची पोस्टिंग पंजाब सीमेवर. एअर डिफेन्सची एल-७० तोफ आणि मी तिचा डिटॅचमेंट कमांडर, हवालदार. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याचं, आवाज तालमीतला. हाताखाली लान्स नायक सलीम मुल्लाणी, पेठ वडगावचा. त्याच्या घरात तीन पिढ्या शर्यतीची कबुतरं. सकाळी सोडायची आणि कुणाची जास्त वेळ वर राहतात ते बघायचं, अशी ही शर्यत. दिवसभर मान वर. घरी गेलं तरी ही माणसं आभाळातले ठिपके मोजतच असतात.

सीमेवर तणाव वाढला तसे तोफेजवळच्या गावातून फोन यायला लागले, आकाशात काहीतरी दिसलं म्हणून. पाच दिवस सगळ्या खबरा फुसक्या निघाल्या. कधी शुक्राची चांदणी, कधी पतंग, एकदा तर लग्नातला फुगा. सहाव्या दिवशी सकाळी ०७४० ला सरपंचांचा फोन आला, गुरुद्वारावर काळं काहीतरी फिरतंय. गोळाबारीमुळं गावातली पोरं आणि म्हातारी माणसं तिथंच मुक्कामाला होती. रडारवर काही नव्हतं. मी दुर्बीण लावली. रोजच्याच घारी. तसं कळवायला हँडसेट उचलला. चूक माझी, लपवत नाही.

सलीमनं माझा हात धरला. माझं डोकंच सटकलं, त्याच्यावर खेकसलो.

"रोज सात असत्यात," तो म्हणाला. "आज आठ हायत. आठवी पंख वाकडा करत न्हाय."

पुन्हा पाहिलं. सात घारी वाऱ्याबरोबर कलत होत्या. आठवी सरळसोट फिरत होती आणि दर फेरीला खाली येत होती.

"कंट्रोल, गन टू. एक ड्रोन, व्हिज्युअल. फायरची परवानगी."

"रडार क्लिअर आहे, गन टू. खात्री?"

चुकलो असतो तर माझ्या फिती गेल्या असत्या. गप्प बसलो असतो तर पोरं गेली असती. खात्री आहे म्हणालो. तीन सेकंदांनी "वेपन्स फ्री" आलं, म्हणजे मारायची मोकळीक.

गुरुद्वारावर फायर करता येत नव्हतं. फेरी घेत ते कापलेल्या गव्हाच्या रानावर येईपर्यंत थांबलो. सलीमनं "आता" म्हटलं आणि दुसऱ्याच बर्स्टला आभाळात जाळ झाला. तुकडे रानात पडले, एकालाही ओरखडा नाही. कुस्ती मारल्यासारखे आम्ही नाचलो! दुपारी गावानं लस्सीच्या बादल्या तोफेपाशी आणल्या, आणि मी सगळ्यांसमोर सलीमची माफी मागितली. आयुष्यात इतकी ताठ मान कधी नव्हती.

तिसऱ्या दिवशी १८१० ला गोळाबारीत सलीम गेला. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो.

दोन महिन्यांनी ते सरपंच दोन दिवसांचा रेल्वे प्रवास करून पेठ वडगावला आले. मी तेव्हा गावी आलो होतो, मीच त्यांना मुल्लाणींच्या घरी नेलं. सलीमच्या आईसमोर ते जमिनीवरच बसले. त्यांची पंजाबी तिला कळेना, म्हणून मी सांगितलं की गावातली पोरं पुन्हा शाळेत जायला लागली.

"समदी?" तिनं विचारलं.

"समदी, चाची."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग जिंकलं की माझं पोरगं," ती म्हणाली. "पावण्यास्नी जेवल्याबिगर सोडू नगंसा."